हाताचा स्क्रूड्रायव्हर की बॅटरीचा ड्रिल?

खोक्यातून सुटं आलेलं कपाट जोडायला मी आधी हाताचा स्क्रूड्रायव्हरच घेते. अशी कपाटं बहुतेक पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा चुरा रेझिनने दाबून केलेली. स्क्रू एक फेरा जास्त आवळला की आतला चुरा सुटतो आणि स्क्रू नुसता गरगर फिरत राहतो. आमच्या शू-रॅकच्या बिजागरीचं ड्रिलने असंच झालं. शेवटी काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या, तेव्हा स्क्रूने पकड घेतली. हाताने आवळताना स्क्रू बसल्याचं मनगटाला लगेच कळतं. कॅम लॉक, म्हणजे दोन फळ्या एकमेकींना ओढून धरणारी गोल खिट्टी, तर हातानेच, जेमतेम अर्धा फेरा.

ड्रिल लागतो तो लांब स्क्रूंना. ५० मिलिमीटरचे कन्फर्मॅट स्क्रू, म्हणजे पार्टिकल बोर्डाच्या फळ्या जोडायचे जाड स्क्रू, ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या वाकड्या चावीने) वीसेक आवळले की तळहाताला फोड येतात. तिथे ४ मिलिमीटरचा षटकोनी बिट लावा, क्लच (ठरावीक जोर लागला की स्क्रू फिरवणं थांबवणारी आकड्यांची कडी) सगळ्यात लहान आकड्यापासून सुरू करा, वेग कमी ठेवा; शेवटचे दोन फेरे मात्र हातानेच.

एखादंच कपाट असेल तर २ नंबरचा चांगला फिलिप्स, म्हणजे फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, पुरे. अख्खं घर लावायचं असेल तरच ड्रिल घ्या.