पहिली मेजर कॉर्ड कुठली धरायची: ई, ए, डी, सी की जी?

भाच्यानं बारावीची परीक्षा संपल्या संपल्या गिटार घेतली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "मामा, एक मित्र म्हणतोय सी नं सुरुवात कर, दुसरा म्हणतोय जी. मी नेमकी कुठली धरू?" म्हटलं, संध्याकाळी गिटार घेऊन रंकाळ्यावर ये, तिथं बघू. कट्ट्यावर दीड-दोन तास बसलो. त्या दिवशी त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न गिटार हातात घेणाऱ्या प्रत्येकाला पडतो.

मेजर कॉर्ड म्हणजे काय, हे पेटी ऐकत वाढलेल्याला एका वाक्यात सांगता येतं: सा, शुद्ध गंधार आणि पंचम एकाच वेळी. सा कुठलाही धरा, तिथून चार अर्धस्वर वर गंधार आणि सात अर्धस्वर वर पंचम. पांढरी एक सा मानली की ती सी मेजर, पांढरी तीन मानली की ई मेजर. पाचही कॉर्डमध्ये नातं तेच, फक्त सा बदलतो. म्हणजे कानाला कुठलीच सोपी नाही आणि कुठलीच अवघड नाही. फरक पडतो तो बोटांना.

आता सी. बहुतेकांना पहिली सीच सुचवली जाते आणि त्यामागचं कारण पेटीचं किंवा कीबोर्डचं आहे, गिटारचं नाही. कीबोर्डवर सी, ई, जी या तिन्ही पांढऱ्या पट्ट्या, एक सोडून एक, तीन बोटं ठेवली की झालं. गिटारवर तीच कॉर्ड धरायला अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्यावर आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्यावर ठेवावी लागते. (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधली जागा. पहिली तार म्हणजे सगळ्यात बारीक, बसल्यावर जमिनीकडची. सहावी म्हणजे सगळ्यात जाड. हे उलटं समजून आठवडा घालवलेले लोक मी पाहिलेत.) तीन बोटं तीन वेगळ्या फ्रेटमध्ये, आणि फ्रेट जितकी डोक्याकडे तितकी रुंद. नेहमीच्या ६५ सेंटिमीटर मापाच्या गिटारवर पहिली फ्रेट साधारण ३६ मिलिमीटर भरते. म्हणजे तर्जनी आणि अनामिका यांच्यात साडेसहा सेंटिमीटरच्या वर ताण. वर तर्जनी इतकी उभी ठेवायची की खालची मोकळी पहिली तार तिला लागू नये. नव्या माणसाची ती लागतेच आणि तार बद्द वाजते.

माझी सुरुवात सीनंच झाली होती, एका क्लासात. पहिला महिना सी आणि जी, दुसऱ्या महिन्यात एफ. एफ म्हणजे तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या. सी घेतली की एफ टळत नाही, कारण सी हा सा असेल तर मध्यमावरची कॉर्ड एफच येते. तिसऱ्या महिन्यात मी फी भरली, पण गेलो नाही. गिटार दोन वर्षं कपाटावर होती. चूक त्या क्लासाची एकट्याची नाही, माझ्या आळसाचाही वाटा होता, पण क्रम वेगळा असता तर आळसाला एवढा वाव मिळाला नसता असं अजून वाटतं.

ई मेजर याच्या बरोबर उलट. तर्जनी तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट पाचव्या तारेच्या आणि अनामिका चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. बोटं एकमेकांना चिकटून बसतात. आणि मोठी सोय ही की सहाही तारा वाजवायच्या. उजव्या हातानं कुठून कुठवर छेडायचं याचा विचारच नाही. सहाव्या मोकळ्या तारेपासून पहिल्या मोकळ्या तारेपर्यंत जे येतं ते सगळं कॉर्डमधलंच: सा तीनदा, पंचम दोनदा, गंधार एकदा. रंकाळ्यावर वारं होतं, तरी भाच्याची पहिली धड वाजलेली ई पलीकडच्या भेळवाल्यानं वळून बघण्याइतकी भरीव आली.

तो गंधार एकटाच असल्यानं कान लवकर तयार होतो. तर्जनी उचला, तिसरी तार मोकळी वाजेल, शुद्ध गंधाराचा कोमल होईल आणि मेजरची मायनर. पुन्हा ठेवा, मेजर. एका बोटाच्या उघडझापीत हा फरक इतका स्वच्छ बाकीच्या चारांत मिळत नाही.

इथं एक जरा आडवळणाची गोष्ट. ज्यांच्या घरात तंबोरा आहे त्यांना ई मेजरचा गंधार किंचित चढा वाटेल. तो तसा आहेच. गिटारच्या फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेल्या असतात आणि त्या हिशोबात मेजर कॉर्डचा गंधार, खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या साधारण सातव्या भागाइतका वर पडतो. अल्लादियाखाँसाहेबांनी शाहू महाराजांच्या दरबारात ज्या कोल्हापुरात गायन केलं, तिथल्या कानांना हे खटकलं तर नवल नाही. पण म्हणून तिसरी तार उतरवून ई गोड करायला जाऊ नका. ई गोड होईल आणि तीच तार मोकळी वाजणाऱ्या सी आणि जी बेसूर होतील. शिवाय नवखा माणूस तार गरजेपेक्षा जोरात दाबतो, त्यानंही स्वर चढतो. आधी दाब कमी करून बघा.

ए मेजरमध्ये तीन बोटं एकाच फ्रेटमध्ये कोंबायची असतात: चौथी, तिसरी आणि दुसरी तार, तिन्ही दुसऱ्या फ्रेटवर. पुस्तकांत बहुतेक वेळा तर्जनी, मधलं, अनामिका असा सरळ क्रम दिसतो. मी तो शिकवत नाही. मधलं बोट चौथ्या तारेवर, तर्जनी तिसऱ्यावर, अनामिका दुसऱ्यावर असा उलटसुलट क्रम सांगतो. पहिल्यांदा विचित्र वाटतं, भाचा तर म्हणाला, "मामा, ही बोटं एकमेकांच्या पायात पाय घालायला लागलीत की!" पण ई वरून ए वर जाताना तर्जनी तिसरी तार सोडत नाही, तारेवरूनच एक फ्रेट पुढं घसरते. आणि ए वरून डी वर जाताना? डी मेजरमध्ये तर्जनी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे जिथल्या तिथं. अनामिका दुसऱ्या तारेवरच दुसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्यावर सरकते. फक्त मधलं बोट पहिल्या तारेवर उतरतं.

माझा सगळा कौल याच एका गोष्टीवर आहे. ई, ए आणि डी या तिन्ही कॉर्डमध्ये तर्जनी तिसऱ्या तारेवर खिळलेली राहते. नव्या माणसाचा खरा त्रास कॉर्ड धरण्यात नसतो, एकीवरून दुसरीवर जाण्यात असतो. हात हवेत गेला की परत कुठं उतरायचं ते कळत नाही. एक बोट तारेवर राहिलं तर बाकीची दोन आपली जागा शोधतात. आणि या तीन कॉर्ड म्हणजे ए ला सा मानलं तर सा, मध्यम आणि पंचम यांच्यावरच्या कॉर्ड. तिघींचे स्वर एकत्र केले की सातही शुद्ध स्वर मिळतात. बिलावल थाटातली साधी चाल यांच्यावर निघते.

डी पहिली म्हणून मात्र नको. चारच तारा वाजवायच्या, चौथीपासून खाली. पाचवी चुकून लागली तर फार बिघडत नाही, तो पंचम आहे. सहावी लागली की तो रिषभ, आणि तोही खर्जात, कॉर्डच्या पोटात दगड पडल्यासारखा. त्यात डीचा एकुलता एक गंधार पहिल्या, सगळ्यात बारीक तारेवर मधल्या बोटानं धरलेला असतो. शेजारची अनामिका त्या तारेला जरा टेकली की गंधार गायब, आणि राहिलं ते मेजरही नाही, मायनरही नाही. ए मध्ये अशी चूक खपून जाते, सहावी तार लागली तरी तो पंचमच.

जी मेजर थोडक्यात. सहाही तारा वाजतात, आवाज मोठा येतो, पण बोटं सहाव्या आणि पहिल्या तारेच्या टोकांना. घ्यायचीच असेल तर अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट पाचव्याच्या दुसऱ्यावर आणि करंगळी पहिल्याच्या तिसऱ्यावर अशी घ्या. मग सी वर जाताना अनामिका आणि मधलं बोट जोडीनं एकेक तार खाली येतात. करंगळी पहिल्या दिवसापासून कामाला लागते, हा फायदाही आहे.

आता ज्यांचा निर्णय वेगळा यायला हवा त्यांच्याबद्दल.

गणपतीत पेटीवाल्यासोबत आरतीला बसायचं असेल तर पट्टी महत्त्वाची. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटला लावला की सी ची काळी एक होते, डी ची काळी दोन, जी ची काळी चार, ए ची काळी पाच. ई ची मात्र पांढरी चार होते, काळी तीन हवी असेल तर कॅपो दुसऱ्या फ्रेटला. तुमचा गाणारा काळी एकवर ठाम असेल तर सी चा आकार लवकर शिकावा लागेल, नाहीतर ए चा आकार धरून कॅपो चौथ्या फ्रेटला. दुसरा उपाय सोपा, पण आवाज जरा किनरा होतो.

आठ-नऊ वर्षांचं मूल असेल तर पूर्ण कॉर्ड नकोच. खालच्या तीन तारा फक्त. तर्जनी तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर ठेवली की ई मेजर, तीच दुसऱ्या तारेच्या पहिल्यावर ठेवली की सी मेजर. एका बोटात दोन कॉर्ड, पोर खूश. पुढं ई च्या आकारात बाकीची दोन बोटं फक्त वाढवायची.

गिटार नायलॉनच्या तारांची असेल तर पट्टा रुंद असतो, डोक्याशी ५२ मिलिमीटरच्या आसपास, तर स्टीलच्या तारांच्या गिटारला ४३ च्या जवळपास. रुंद पट्ट्यावर ए ची तीन बोटं आरामात बसतात, पण जी चा ताण वाढतो. स्टीलवर उलटं. आणि नायलॉनच्या गिटारवर आवाज मोठा हवा म्हणून स्टीलच्या तारा चढवू नका, त्या ताणानं ब्रिज उखडतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात स्टीलच्या तारा लवकर गंजतात, वाजवून झालं की सुती फडक्यानं पुसून ठेवा. गंजलेल्या तारेवर कुठलीच कॉर्ड सोपी नाही.

तार झणझणत असेल तर बोट फ्रेटच्या मधोमध नसून पुढच्या पट्टीच्या अगदी मागं आहे का ते बघा. मिरजेच्या तंबोऱ्यात जवारीचं झणझणणं मुद्दाम आणतात, गिटारमध्ये तो दोष धरतात.

भाच्याला मी ई आणि ए दिल्या, डी आठवड्यानं. सांगितलं, रोज घड्याळ लावून एका मिनिटात ई वरून ए वर किती वेळा जातोस ते मोज, आणि प्रत्येक वेळी तारा वेगवेगळ्या छेडून कुठली बद्द वाजतेय ते ऐक. पहिल्या दिवशी सात झाले. चौथ्या दिवशी रात्री अकराला त्यानं रेकॉर्डिंग पाठवलं, त्यात तेवीस होते आणि तिसरी तार निम्म्या वेळा मुकी. मी डाव्या हाताच्या नखांचा फोटो मागवला. तर्जनीचं नख चांगलं दोन मिलिमीटर वाढलेलं होतं.