घरचं, पाकिटातलं, कच्चं की डॉक्टरचं? खाजवणाऱ्या कुत्र्याला काय घालायचं

आमचा गोट्या देशी, बावीस किलो, चारही पंजे पांढरे. म्हणजे होते पांढरे. दीडेक वर्षापूर्वी ते तांबूस दिसायला लागले, रात्रभर चाटून चाटून थुंकीनं केस रंगतात तसे, आणि कानात कापूस फिरवला की चॉकलेटी मळ आणि आंबलेल्या ताकासारखा वास. सोसायटीत प्रत्येकाकडे निदान तयार होतं. चिकन उष्ण पडतंय, दही-भात द्या. पाकिटात केमिकल असतं, घरचं द्या. मुळात लांडगाच आहे हो तो, कच्चं घाला. आणि व्हेट म्हणाले स्पेशल डाएटचं पोतं घ्या. मी या ना त्या वेळी पाकीट, घरचं, कच्चं आणि डॉक्टरचं, चारही करून बसलोय, त्यामुळे ज्याला आत्ता ठरवायचंय त्याच्यासाठी चारही शेजारी शेजारी ठेवतो.

त्याआधी एक गोष्ट, कारण इथेच बहुतेकांचे पैसे जातात. कुत्रा खाजवतोय म्हणजे खाण्याचीच ऍलर्जी असं नसतं. पिसवा, गोचीड, घरातल्या धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), परागकण, यांच्यामुळे खाजवणारे कुत्रे खाण्यामुळे खाजवणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. दरवर्षी ठरावीक महिन्यांतच त्रास होत असेल तर आधी बाहेरच्या कारणांकडे बघायचं. बारा महिने, तेही पंजे, कान, पोट आणि शेपटीखाली, सोबत पोटही अधूनमधून बिघडतंय, तर मग ताटाकडे संशयानं बघायला हरकत नाही. "उष्ण पडतं"वाल्यांची मला थोडी गंमत वाटते, कारण चिकन बंद केल्यावर काही कुत्रे खरंच बरे होतात, पण ते उष्णतेमुळे नाही, तर त्यांना चिकनच्या प्रोटीनचीच ऍलर्जी असते म्हणून. असा कुत्रा डिसेंबरातही तेवढाच खाजवतो.

आणि ऍलर्जी होते ती बहुतेक वेळा प्रोटीनची. २०१६ साली आधीच्या अभ्यासांमधले २९७ ऍलर्जीवाले कुत्रे एकत्र करून पाहिले होते, त्यात ३४ टक्के बीफवर, १७ टक्के दूध-दह्यावर, १५ टक्के चिकनवर आणि १३ टक्के गव्हावर रिऍक्ट होत होते. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्य देशांतल्या कुत्र्यांचे. तिथले कुत्रे बीफ खात मोठे होतात, आपले चिकन, दूध, चपाती आणि चहातलं बिस्किट खात. ऍलर्जी नेहमीच्या खाण्यातल्याच गोष्टीची होते, त्यामुळे "इतकी वर्षं चिकनच खातोय, आत्ताच कसं काय होईल" हा युक्तिवाद उलटा आहे.

आता पाकीट. सगळ्यात सोपं हेच. बावीस किलोच्या नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण हजार-अकराशे कॅलरी लागतात, म्हणजे तीनेकशे ग्रॅम सुकं फूड, महिन्याला नऊ किलो, आणि बऱ्या कंपनीचं घेतलं तर तीन हजारांच्या आसपास. पाठीवर "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" असेल तर कॅल्शियम, झिंक, व्हिटॅमिन डीचा हिशोब त्यांनी केलेला असतो, तुम्ही फक्त मोजून टाकायचं. "नॅचरल", "प्रीमियम", "होलिस्टिक" हे पुढच्या बाजूचे शब्द मी वाचत नाही. मागचं बारीक वाचायचं. पुढे मोठ्या अक्षरात लॅम्ब आणि मागे चिकन मील (चिकनची सुकवलेली पूड) किंवा चिकन फॅट, असं हमखास सापडतं. बाहेरच्या देशांत तर तपासण्यांत लेबलवर न लिहिलेलं मांसही निघालंय. त्यामुळे नेहमी घालायला पाकीट उत्तम, पण कशाची ऍलर्जी आहे ते शोधण्यासाठी पाकीट बदलत बसणं म्हणजे अंधारात सुई शोधणं. मी सहा महिन्यांत तीन ब्रँड बदलले, तिन्हींत चिकन होतंच, हे मला नंतर रिकाम्या पिशव्या रद्दीत देताना कळलं.

ग्रेन-फ्रीचं खूळ डोक्यात असेल तर तेही सांगतो. भात-गहू कुत्र्याला पचत नाही हे खरं नाही. २०१३ मध्ये छापून आलेल्या जनुकांच्या अभ्यासात दिसलं की स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच कॉपी असतात आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाचं उष्टं खाल्ल्याचा परिणाम. उलट धान्य काढून वाटाणा-मसूर भरलेल्या फूडचा डीसीएम नावाच्या, हृदय फुगून कमजोर होण्याच्या आजाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) २०१८ मध्ये सुरू केली. कारण काही पक्कं झालं नाही, पण गव्हाची ऍलर्जी सिद्ध नसताना त्या वाटेला कशाला जायचं. आणि दुकानात उघड्या पोत्यातून सुट्टं मिळतं ते घेऊच नका, त्यात काय आहे ते दुकानदारालाही माहीत नसतं, आणि पावसाळ्यात तशा फूडमध्ये स्टोरेज माइट्स वाढतात, म्हणजे धुळीची ऍलर्जी असलेल्याला ती ताटातच वाढायची.

घरचं म्हणजे आपल्याकडे चिकन-भात. कलेजी-पेटा घातला की कुत्रा खूश, आपणही खूश. पण घरचं म्हणजे आपोआप हेल्दी असं नाही, आणि हे मला स्वतःला पचायला वेळ लागला. कॅलिफोर्नियाच्या यूसी डेव्हिसमध्ये २०१३ साली कुत्र्यांच्या २०० घरगुती रेसिपी तपासल्या, तर ९५ टक्के रेसिपींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. आपल्याच भांड्याचा हिशोब बघा ना. साडेतीनशे ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस सातशे मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम पन्नासही भरत नाही, आणि गोट्याच्या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम कॅल्शियम लागतं. ही तूट भात आणि भोपळा भरून काढत नाहीत. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅम, पण त्यातलं सगळं अंगी लागत नाही आणि तेवढी नाचणी घातली तर कुत्र्याचं पोटच त्यानं भरेल. अंड्याचं टरफल उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखं केलं तर एका टरफलात दोनेक ग्रॅम कॅल्शियम मिळतं, ते बरं. पण झिंक, कॉपर, आयोडीन, व्हिटॅमिन ई आणि डी यांचं काय? त्यासाठी सप्लिमेंट, आणि मात्रा व्हेटकडूनच ठरवून घ्यायची. मोठ्या कुत्र्याचं महिना-दोन महिने थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं, पिल्लाचं चालत नाही, हाडं वाकतात.

घरच्याचा मोठा फायदा एकच पण फार मोलाचा, भांड्यात काय पडलं ते तुम्हाला माहीत असतं. मात्र घरातल्या बाकीच्यांनाही ते पटलेलं पाहिजे. आमच्याकडे आई उरलेली आमटी भातावर ओतायची. आमटीत कांदा-लसूण, दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि वरून चिंच. द्राक्षं-मनुकांमुळे कुत्र्यांच्या किडन्या बसतात ते टार्टारिक ऍसिडमुळे असावं असं आता मानतात, आणि ते चिंचेतही असतं. शिजवलेली हाडं नकोच, ती सुरीसारखी तुटतात. तुपाचा चमचा रोज नको, स्वादुपिंड बिघडू शकतं. आणि दूध नडलं की दर वेळी ऍलर्जीच समजू नका, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना लॅक्टोज पचत नाही, त्यात जुलाब होतात पण कान लाल होत नाहीत.

शाकाहारी घरांतून नेहमी विचारतात म्हणून, कुत्रा मांजरासारखा पक्का मांसाहारी नाही, नीट हिशोबानं बनवलेल्या शाकाहारी फूडवर राहू शकतो. दही-भात हे तसं फूड नव्हे.

कच्च्याबद्दल मी थोडक्यात सांगतो कारण मला ते पटलं नाही. बार्फ, म्हणजे हे कच्चं मांस-हाडांचं डाएट, करणारी मंडळी मनापासून करतात, ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, दहा टक्के कलेजी आणि इतर अवयव, आणि केसांना चमक येते म्हणतात, येतही असेल, फॅट भरपूर मिळतं. पण चिकनची ऍलर्जी असलेल्याला कच्चं चिकनही तितकंच नडतं. शिवाय सॅल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया. फ्रीझरमध्ये ठेवल्यानं सॅल्मोनेला मरत नाही. अमेरिकेतली पशुवैद्यांची संघटना २०१२ पासून कच्चं देऊ नका सांगतेय, आणि तिथे निदान कोल्ड चेन तरी आहे, आपण रस्त्यावरच्या दुकानातून मे महिन्यात काळ्या पिशवीतून आणणार. घरात रांगतं मूल किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर विषयच संपला. पंधरा दिवसांत मी थांबलो. हाडानं बद्धकोष्ठ झालं होतं, आणि ओटा पुसून पुसून मीच वैतागलो होतो.

उरलं डॉक्टरचं, म्हणजे हायड्रोलाइज्ड फूड. यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर बहुतेक वेळा ते ओळखतच नाही. रॉयल कॅनिनचं हायपोऍलर्जेनिक, हिल्सचं झेड-डी ही त्यातली नावं. ऍलर्जी शोधायला सोपं आणि पोषण पूर्ण. फक्त किंमत, किलोला हजाराच्या वर, म्हणजे गोट्याच्या वजनाला दोन महिन्यांचे अठरा-वीस हजार. आणि सगळ्याच कुत्र्यांना ते चालतं असंही नाही, मूळ चिकनच्या तुकड्यांवर रिऍक्ट होणारे थोडे असतात, त्यामुळे आत मूळ काय आहे तेही विचारून घ्यायचं.

हे पोतं घ्या किंवा घरी शिजवा, शोधायची पद्धत एकच, एलिमिनेशन ट्रायल. आठ आठवडे फक्त एक नवं प्रोटीन आणि एक स्टार्च, किंवा फक्त ते हायड्रोलाइज्ड, बाकी जिभेवर काही नाही. आठ आठवड्यांत खाण्याची ऍलर्जी असलेल्या दहातल्या नऊ कुत्र्यांना फरक दिसतो. सुधारला की जुनं खाणं परत द्यायचं आणि खाज परत येते का ते बघायचं, ही शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग काहीच सिद्ध होत नाही. केस किंवा थुंकी पाठवून करायच्या टेस्टच्या नादी लागू नका. मी लागलो होतो, चाळीस नावांची यादी आली, त्यात त्यानं जन्मात न खाल्लेलं बदकसुद्धा. नंतर वाचलं की २०१९ मध्ये संशोधकांनी अशाच टेस्टला केसांच्या जागी खोटी फर आणि थुंकीच्या जागी सलाईन पाठवलं होतं, तर त्यांनाही ऍलर्जी निघाली! रक्ताची टेस्टही खाण्याच्या बाबतीत भरवशाची नाही.

नवं प्रोटीन शोधणं हीच आपल्याकडे खरी कटकट. चिकन, अंडं, दूध, पनीर सगळ्यांनीच खाल्लेलं. मटण खाल्लं नसेल तर उत्तम. कोकणात वाढलेल्या कुत्र्याला मासळी नवी नाही. म्हशीचं मांस नवं वाटेल, पण दुधाला रिऍक्ट होणाऱ्याला ते नडू शकतं. मी कॅम्पातून पोर्क आणायचो, कमी चरबीचं, नीट शिजवून, सोबत रताळं, वरून फक्त साधी कॅल्शियम कार्बोनेटची पावडर (टरफल नको, अंड्याचा अंश राहतो). आईनं पोर्कसाठी वेगळा कुकर आणि गॅलरीतली जागा दिली. गोचिडांची च्युएबल गोळी बंद करून मानेवर टाकायचं औषध सुरू केलं, कारण त्या गोळ्यांनाही मांसाची चव असते. कानातल्या यीस्टचं (बुरशीचं) औषध सोबत चालूच होतं, नाहीतर उरलेली खाज यीस्टची की खाण्याची ते कळलंच नसतं. तिसऱ्या आठवड्यात वॉचमनकाकांनी लाडानं खारी दिली, चार दिवस वाया. शेवटी पट्ट्याला पाटी लावली, "मला खायला देऊ नका, डॉक्टर रागावतात."

आता कोणी काय घ्यावं. दोघं नोकरी करत असाल, कुत्र्यानं आजवर काय काय खाल्लंय ते आठवत नसेल आणि एकदा वीस हजार झेपत असतील तर सरळ हायड्रोलाइज्ड. पैसे जपायचे असतील आणि घरात शिजवणारं माणूस असेल तर घरचं ट्रायल, पण वजनकाटा घेऊन. पिल्लू असेल तर घरचं ट्रायल स्वतःच्या डोक्यानं करू नका. ट्रायलनंतर कायमसाठी मी परत साध्या पाकिटाकडेच वळेन, फक्त मागचं वाचून, त्यात नडणारी गोष्ट नाही एवढं बघून. आणि आठ आठवडे काटेकोर करूनही काहीच फरक पडला नाही तर ताटाचा नाद सोडा, व्हेटशी धुळीच्या ऍलर्जीवर आणि खाजेच्या औषधांवर बोला.

गोट्याचं सहाव्या आठवड्यात चाटणं जवळजवळ थांबलं. मग एकेक करून परत दिलं. अंडं चाललं, दही चाललं, गहू चालला. चिकन दिल्याच्या तिसऱ्या दिवशी कान लाल. आता सकाळी फिश-राइसचं पाकीट आणि रात्री त्यातच अर्धं उकडलेलं अंडं कुस्करून. पंजे पांढरे झालेत, उजवा पुढचा सोडून, तो आईच्या खुर्चीच्या बाजूचा, आणि गेल्या आठवड्यात मला तिच्या बटव्यात चिकन चिप्सचं पाकीट सापडलं.