भातशेतात पाणीनळी: एक अख्खं वायंगण वापरल्यावर

गोव्यात डिचोलीकडे आमचं साधारण २००० चौरस मीटर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, ज्योती जात लावतो, पाणी व्हाळावरून (ओढ्यावरून) डिझेल पंपाने. यंदा डिसेंबर ते मार्च पाणीनळी वापरली. म्हणजे काय तर ४ इंची पीव्हीसी पाइपाचा ३० सेंटिमीटर तुकडा, खालच्या अर्ध्याला सगळीकडून भोकं, तो अर्धा चिखलात पुरायचा, आतली माती काढायची. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरलेलं दिसलं की मगच पंप, ५ सेंटिमीटर भरायचं, परत थांबायचं. लावणीनंतर पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्यात मात्र सुकवायचं नाही.

पहिल्यांदा चिखलाला भेगा दिसल्या तेव्हा माझा जीव वरखाली, आई तर म्हणाली भात करपवतोस की काय. करपलं नाही. गेल्या वर्षीसारखीच १४ पोती झाली, डिझेल ६० लिटरवरून ४१ वर आलं. लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर साधारण ५१ किलो वाचला.

पण मला जास्त पटलं ते मिथेनचं. तुंबलेल्या चिखलात हवा पोचत नाही, तिथले जंतू मिथेन करतात आणि तो भाताच्याच दांड्यातून वर येतो, १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ पट तापवणारा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०१९ च्या मिथेन गुणांकात कायम भरलेलं शेत १, हंगामात अनेकदा सुकवलेलं ०.५५, म्हणजे मिथेन जवळपास निम्मा. पॉवर टिलरच्या धुराकडे सगळे बोट दाखवतात, खरा गॅस आपल्या पायाखालून येतो हे मलाही माहीत नव्हतं.

त्रास आहेत. तण वाढलं, दोन बेणण्या जास्त पडल्या. युरिया सुक्यात टाकून तसाच ठेवून चालत नाही, पाणी भरायच्या थोडं आधी टाका, नाहीतर नत्र वाया जातं, आणि ओलं-सुकं करताना नायट्रस ऑक्साइड (हाही तापवणारा वायू) तसाही थोडा वाढतोच. भोकं गाळाने बुजतात, मी जाळी गुंडाळली. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतात, हे करू नका, पाणी उतरलं की खार वर येतो.

सगळ्यात मोठी अडचण शेजारची. वरच्या कुणग्यातलं (शेताच्या तुकड्यातलं) पाणी माझ्यातूनच खाली जातं, त्यामुळे दोनदा सुकत आलेलं शेत रातोरात भरलं. वरच्या काकांशी बोललोय, बाजूने पाट काढायचा ठरलाय, मेरेला (बांधाला) लागून माझी हातभर जमीन जाईल, जाऊ दे.