वायुभारमापक: तबकडीवरचे शब्द सोडून वाचावे असे यंत्र

बुधवार पेठेतील एका दुकानातून १८०० रुपयांना घेतलेला पितळी कड्याचा वायुभारमापक गेले वर्षभर आमच्या बैठकीच्या खोलीत टांगलेला आहे. हवा काढून घेतलेली पातळ धातूची डबी बाहेरच्या दाबाने चेपते किंवा फुगते आणि ती सूक्ष्म हालचाल तरफांमार्फत काट्यापर्यंत पोहोचते, एवढीच त्याची रचना; ना बॅटरी, ना पारा.

पहिल्याच दिवशी काटा ९६० हेक्टापास्कलच्याही (हेक्टापास्कल हे हवेच्या दाबाचे एकक) खाली, 'स्टॉर्मी' या शब्दापलीकडे जाऊन बसला, तेव्हा यंत्र बिघडलेले आहे असे मला वाटले. दोष यंत्राचा नव्हता. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथील प्रत्यक्ष दाब मुंबईपेक्षा साधारण ६० ते ६५ हेक्टापास्कलने कमी भरतो. मागचा स्क्रू फिरवून काटा हवामान खात्याने दिलेल्या समुद्रसपाटीच्या दाबाशी जुळवावा लागतो, आणि हे सोबतच्या माहितीपत्रकात कुठेही सांगितलेले नाही.

वेळेचेही भान ठेवावे लागते. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला काटा दुपारी चारपर्यंत दोन-तीन हेक्टापास्कल उतरतो. हा उष्ण कटिबंधातील हवेचा रोजचाच चढउतार असल्याने त्यात पावसाची चाहूल शोधू नये, आजच्या दहाचा आकडा कालच्या दहाच्या आकड्याशीच ताडून पाहावा.

तबकडीवरचे शब्द मात्र विलायतेच्या हवेसाठी लिहिलेले आहेत. मे महिन्यात रखरखीत ऊन असताना काटा 'रेन'कडे झुकतो, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन दाब घटलेला असतो. त्याच घटीमुळे समुद्रावरची जड हवा घाट चढून येते आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. जुलैत बंगालच्या उपसागरावरील कमी दाबाचे क्षेत्र मध्य भारतात सरकते, पुण्यातला काटा जेमतेम दोन-चार आकडे हलतो, आणि तरीही खडकवासल्याच्या वरच्या डोंगरांत धो धो पाऊस कोसळतो. वाऱ्याचा जोर एका ठिकाणच्या दाबावर नव्हे, तर दोन ठिकाणच्या दाबांतील फरकावर ठरतो, आणि तो फरक भिंतीवरच्या एकट्या यंत्राला दिसणे शक्य नाही. त्यासाठी समदाब रेषांचा, म्हणजे सारखा दाब असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा शेजारी हवा; रेषा जितक्या दाट, तितका वारा जोराचा.

किमतीच्या मानाने यंत्र चोख आहे. काच किंचित सैल आहे, आणि तिच्यावर बोटाने हलकी टिचकी मारल्याशिवाय काटा जागचा हलत नाही.