सेवाग्राम आश्रम, वर्धा : घाई असेल तर जाऊच नका

लोकं सेवाग्रामला येतात, बापूकुटीत डोकावतात, पिंपळाखाली फोटो काढतात अन् लगेच गाडीत जाऊन बसतात, हे बघून खरंच जीव तुटते. इथे अर्धा दिवस तरी द्या, अन् येण्याआधी 1940 ते 42 मध्ये काय काय झालं ते थोडं वाचून या.

आम्ही देवळीकडचे, वर्धा म्हणजे आमचं नेहमीच्या कामाचं गाव, पण आश्रम असा निवांत बघायला आत्याबाई अन् पोट्ट्यांना घेऊन आता गेलो. वर्ध्याहून आठेक किलोमीटर आहे, ऑटो मिळते, फक्त परतीचे पैसे आधी देऊ नका, आमचा ऑटोवाला पैसे घेऊन गेला तो आलाच नाही. आश्रमाला तिकीट नाही.

बापूकुटी मूळची मीराबेनची, म्हणजे गांधीजींच्या इंग्रज शिष्येची, नंतर गांधीजी तिथे राहायला आले. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, खाली सारवलेली जमीन, अन् भिंतीवर मीराबेननं मातीतच उठवलेली ताडाची झाडं, चरखा अन् ॐ. बाहेर वर्ध्याचं ऊन अंग भाजून काढते अन् आत मस्त थंड लागते. साप धरायचा चिमटा अन् पिंजरा पण ठेवलेला आहे, कारण इथे साप मारायचे नाहीत, धरून दूर सोडून द्यायचे. पोट्टे तिथून हलायलाच तयार नव्हते.

मी मात्र अडकलो टेलिफोनपाशी. व्हाइसरॉय लिनलिथगोला गांधीजींशी बोलता यावं म्हणून तो बसवला होता. विचार करा, तिकडे लंडनला चर्चिल जमिनीखालच्या खोल्यांमधून महायुद्ध चालवून राहिला होता, त्या खोल्या आज लोकं तिकीट काढून बघतात, अन् त्याच वर्षांमध्ये दिल्लीच्या सरकारला फोन लावावा लागत होता आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात! 17 ऑक्टोबर 1940 ला विनोबांनी पवनारला युद्धाविरुद्ध बोलून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, त्याच डिसेंबरात गांधीजींनी वर्ध्याहून हिटलरला पत्र लिहिलं, सरकारनं ते पुढे जाऊच दिलं नाही. मग 14 जुलै 1942 ला काँग्रेस कार्यकारिणीनं वर्ध्यात ठराव केला की इंग्रजांनी राज्य सोडावं, त्यावरच 8 ऑगस्टला मुंबईत 'भारत छोडो'वर शिक्कामोर्तब झालं, अन् दुसऱ्या दिवशी पहाटेच अटक.

हे डोक्यात ठेवून महादेव कुटी अन् बा कुटी बघा. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई 15 ऑगस्ट 1942 ला पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गेले, कस्तुरबा पण तिथेच, 22 फेब्रुवारी 1944 ला. मुंबईच्या अधिवेशनाला निघालेली ही दोघं या कुट्यांमध्ये परत आलीच नाहीत. आत्याबाईंना हे सांगितलं तर त्या बा कुटीच्या ओसरीत किती तरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. गांधीजी सुटून आले, पण ऑगस्ट 1946 मध्ये गेले ते गेलेच.

परचुरे कुटी बहुतेक लोकं सोडून देतात, सोडू नका. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री इथे राहायचे, त्यांना कुष्ठरोग होता, लोकं जवळ यायची नाहीत तेव्हा गांधीजी स्वतः त्यांची मालिश करायचे, तेही देशाचं एवढं राजकारण अंगावर असताना. मला विचाराल तर ही कुटी टेलिफोनपेक्षा मोठी आहे.

हिवाळ्यात जा, अन् जमलं तर संध्याकाळच्या सर्वधर्म प्रार्थनेपर्यंत थांबा, उघड्या मैदानात बसायचं असते, कोणीही बसू शकते. पोट्ट्यांना आत आवाज न करता फिरायला आधीच सांगून ठेवा. पवनार जवळच आहे, धाम नदीच्या काठी, पण त्याच दिवशी कोंबू नका, त्याला वेगळा दिवस लागते. अन् वर्ध्यातून निघताना गोरस भांडारचा गोरसपाक, म्हणजे तिथली गोड बिस्किटं, घ्याच, घरी नेईपर्यंत पुरेल एवढा घ्या. पाचपैकी पाच स्टार.