छोट्या कारखान्यात फॅशन डिझायनर ठेवली, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

सोलापुरात आमचा शाळेच्या गणवेशाचा छोटा कारखाना आहे, १२ मशीन. जूनमध्ये माल गेला की पुढे निम्म्या मशिनी रिकाम्या, म्हणून कुर्त्या सुरू केल्या आणि त्यासाठी पार्टटाइम डिझायनर ठेवली. पैसे वसूल होतात का असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी ज्यांना घेतलं होतं त्यांची स्केचेस बघत राहावीत अशी, पण मुंढा (बाही जोडायचा काखेचा गोल) किती, शिलाईला मार्जिन किती, चेन कुठून कुठपर्यंत हे कागदावर काहीच नाही, सगळं कटिंग मास्तरांच्या अंदाजावर. दोन महिन्यांत थांबवलं. आत्ताच्या ताई चित्र फार काढत नाहीत. कापडाचा ताका (गठ्ठा) आला की आधी ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून तो तुकडा धुवायचा, वाळला की परत मोजायचा. आमचं रेयॉन ५० चं ४८ भरलं, म्हणजे ४ टक्के आटलं, मग तयार कुर्ती ४४ इंच हवी तर पॅटर्न (कापायचा कागदी साचा) जवळजवळ ४६ चा धरावा लागतो, मार्जिन वेगळं. आम्ही इतके दिवस ४४ च धरत होतो आणि एका धुण्यात आखूड झाली म्हणून माल परत आला की कापडवाल्याशी भांडत होतो!

साइजचं पण तेच. एम वरून एक्सएल करताना आम्ही चारी बाजूंनी सारखं वाढवायचो, त्यामुळे खांदा उतरायचा, गळा पसरायचा. छाती साइजमागे २ इंच वाढली तरी खांदा अर्धाच इंच वाढतो हे त्यांनी मास्तरांना कागद कापून दाखवलं. मास्तर २५ वर्षं कात्री चालवतात, त्यांना सुरुवातीला आवडलं नाही, साहजिक आहे, पण आता ले लावायच्या (कापायला कापडाचे थर एकावर एक पसरायच्या) आधी तेच ताईंना हाक मारतात. दोन साइज एकत्र बसवून मार्कर (कापडावर तुकडे कसे मांडायचे याची आखणी) केल्यावर पीसमागे २.४० मीटरचं २.२५ झालं, २०० पीसला ३० मीटर कापड वाचलं.

त्रास पण आहे. सॅम्पल पास व्हायला आठ-दहा दिवस जातात, घाईची ऑर्डर असेल तर जीव खालीवर होतो. आणि एकदा त्यांनी पुढे बारीक प्लेट्स घातल्या, दिसायला सुंदर, पण कारागिरांनी पीसरेट (पीसमागे शिलाईचा दर) वाढवून मागितला आणि बरोबरच होतं त्यांचं, वेळ दुप्पट लागत होता. तेव्हापासून डिझाइन ठरवताना ताई आधी मशीनवाल्या बायकांजवळ बसून एक पीस शिवून घेतात, मिनिटं मोजतात, मगच दर ठरतो.

कोणी ठेवणार असाल तर पोर्टफोलिओ नंतर बघा. एक शिवलेला कुर्ता हातात द्या आणि म्हणा याची मापं, कापड, अस्तर, बटणं, शिलाई सगळं एका शीटवर लिहून द्या, आणि ती शीट तुमच्या मास्तरांना वाचायला द्या. त्यांना काही न विचारता कापता आलं तर ठेवा. आम्ही आता ताईंना गणवेशाच्या ट्युनिकचे पॅटर्न पण नव्याने करायला दिलेत, दहावीच्या मुली हात वर केला की काखेत ओढतंय म्हणतात, ती तक्रार किती वर्षांची आहे.