स्कॉलर की स्कोपस? पब्लिक हेल्थवाल्यांनी सीव्हीत कोणती लिंक टाकावी

कम्युनिटी मेडिसिनची ज्युनियर मंडळी हे सारखं विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. गूगल स्कॉलर आणि स्कोपस या दोन्ही साइट आपले पेपर आणि त्यांची सायटेशन्स मोजतात, दोन्ही मी वापरतो. ऑर्किड (ORCID, संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) तर हवंच, त्यावर वाद नाही. प्रश्न एवढाच की सायटेशन (आपला पेपर इतरांनी किती वेळा उद्धृत केला) आणि एच-इंडेक्स (सहा म्हणजे किमान सहा-सहा सायटेशन असलेले सहा पेपर) दाखवायला लिंक कुठली द्यायची.

आधी स्कोपसच्या बाजूने. त्यातली यादी निवडक जर्नल्सची असते, त्यामुळे समितीला आकडा खरा वाटतो. स्वतःच स्वतःला केलेली सायटेशन्स वगळून आकडा बघता येतो, स्कॉलरमध्ये ती सोय नाही. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी, तीही स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या तसल्याच दुसऱ्या साइटचा डेटा घेते, मग कॉलेजला साहजिकच तोच आकडा प्यारा. मेडिकल कॉलेजच्या प्रमोशनसाठी पेपरचं जर्नल कुठे नोंदलेलं (इंडेक्स्ड) हवं, त्या यादीतही स्कोपस आहे, स्कॉलर नाही, पण ती अट जर्नलला असते, तुमच्या प्रोफाइलला नाही, हे बरेच जण विसरतात.

आता माझं डोकं कशाने फिरलं ते सांगतो. आपली नावं तीन पदरी. एक जर्नल वडिलांचं नाव मधलं धरतं, दुसरं ते गाळूनच टाकतं, तिसरं वडिलांच्याच नावाला आडनाव करून टाकतं, आणि त्यात मधे नोकरी बदलली असेल तर स्कोपस खुशाल दोन-तीन वेगळे लेखक बनवून मोकळं होतं. आणि गंमत बघा, एका आयडीवर एच-इंडेक्स सहा, दुसऱ्यावर तीन असला तर जोडल्यावर नऊ होईलच असं नाही, बहुधा कसाबसा सात होतो, म्हणजे नुकसान किती झालं हे नुसतं बघून कळतही नाही. दुरुस्तीचा फॉर्म आहे, भरला की आयडी जोडूनही देतात, नाही असं नाही. पण माझ्या बाबतीत पुढचा पेपर आला की परत नवा अवतार, परत फॉर्म, परत वाट बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींचं तर विचारूच नका.

स्कॉलरचा घोळ बरोबर उलटा, तिथे दुसऱ्याचे पेपर आपल्या गळ्यात पडतात. आडनाव पाटील किंवा जाधव असेल तर पॉलिमर केमिस्ट्रीपासून ऊस संशोधनापर्यंत सगळं तुमच्या नावावर. पण सेटिंगमध्ये आपोआप अपडेट बंद करून 'आधी मेलवर विचारा' ठेवलं की प्रश्न मिटतो, आणि चुकून आलेला पेपर आपला आपण काढता येतो, कोणाची मिनतवारी नाही.

दुसरं म्हणजे आपल्या क्षेत्राचं अर्धं काम जर्नलमध्ये नसतंच. गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेचा घरोघरी नवजात बालकांच्या काळजीचा पेपर लॅन्सेटमध्ये आला 1999 ला, आणि 2011 मध्ये केंद्र सरकारने ते काम देशभरातल्या आशांकडे दिलं. असलं काम पुढे पीएचडीच्या थिसिसमध्ये, सरकारी आणि एनजीओच्या रिपोर्टमध्ये उद्धृत होतं, त्यातलं बरंच स्कॉलर पकडतं, स्कोपसला ते जवळपास दिसतच नाही. अर्थात स्कॉलर कचराही मोजतं, फालतू जर्नलं, एकाच पेपरच्या दोन नोंदी, हे मान्य. (एच-इंडेक्स 2005 साली काढला हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने, त्याच्या डोक्यात आपली प्राथमिक आरोग्य केंद्रं थोडीच होती!)

एक मात्र दोन्हीकडे सारखंच. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज (जगभरच्या आजारांचा हिशेब मांडणारा अभ्यास) सारख्या शेकडो लेखकांच्या पेपरात नाव लागलं की आकडा फुगतो. तो फुगा कुठलीच साइट फोडत नाही, तेव्हा पहिले लेखक असलेले तुमचे पेपर सीव्हीत वेगळे लिहाच.

तर फॉर्ममध्ये स्पष्ट मागितलं असेल तर स्कोपस आयडी द्या, पण देण्याआधी स्वतःला तिथे शोधून बघा, कितीजण निघताय ते. आडनाव दुर्मिळ असेल आणि सगळं काम इंडेक्स्ड जर्नलमध्येच असेल तर कदाचित तुम्हाला स्कोपसच बरं पडेल. माझ्या सीव्हीवर सध्या स्कॉलरची लिंक आहे, आणि बदलायचा विचार नाही.